शनिवारचं पाणी

रवि. ४ मे
पाळी संपवून तीनला प्लॉटवर. फाटकावर कागद : काल वर्क मॉर्निंगला जे आले नाहीत त्यांची नावं. एकच नाव, माझं. आष्टमकर. स्पेलिंग बरोबर, इथल्या इंग्रजांना ते जमत नाही, म्हणजे डॉ. लिमयांनी लिहिलेलं. शेजारचा प्लॉट त्यांचा, अलॉटमेंटच्या, म्हणजे कौन्सिलने भाजी लावायला भाड्याने दिलेल्या या जमिनीच्या, कमिटीचे सेक्रेटरीही तेच. महिन्याचा पहिला शनिवार, सगळ्यांनी मिळून वाटा साफ करायच्या, कुंपण कापायचं. यंदाच्या मेपासून सक्तीचं. तीनदा चुकलं की प्लॉट गेला.
शनिवारी आम्हां ज्यूंचा शब्बाथ, कामाला हात लावायचा नाही. हे त्यांना पाच वर्षं माहीत आहे.
दुधीची रोपं लावली. माती सुकी, राखेसारखी.

गुरु. १५ मे
पाऊस नाही. नळ पार पलीकडच्या टोकाला, सोळा झाऱ्या वाहिल्या. डॉ.कडे गुलाब आणि स्वीट पीची फुलं. खायचं काही नाही. नळीला नळी जोडून नळापासून इथवर आणली आहे. घेता का, असं विचारत नाहीत. मीही मागत नाही.

रवि. १८ मे
मधल्या वाटेवरची ब्रॅम्बलची काटेरी झुडपं एकट्याने कापली, चार ते आठ. हात ओरबाडून निघाले. डॉ.ना दाखवलं, म्हटलं हे माझ्या शनिवारच्या बदल्यात धरा. त्यांनी वाट वाकून पाहिली. काम छान झालंय, म्हणाले, पण धरता येणार नाही. रूल म्हणजे रूल.
"मी कमिटीत काय सांगू? तेल्याच्या बैलाला सुट्टी होती म्हणून?"
ही गोष्ट मीच त्यांना सांगितली होती, पहिल्या वर्षी, चहा पिताना. रेवदंड्याजवळ आमच्या आजोबांचा घाणा. शनिवारी बैल सोडलेला, म्हणून गाव आम्हांला शनिवार तेली म्हणायचं. कुणी हसत नसे. लोक शुक्रवारीच तेल नेऊन ठेवायचे. अख्ख्या गावाला जमलं ते एका कमिटीला जमत नाही.
आपली गोष्ट कुणाला फुकट देऊ नये.

रवि. १ जून
आज संध्याकाळपासून शबुओथ, पहिल्या फळांचा सण. स्ट्रॉबेरी निघाल्या, वाटीभर. निम्म्या गोगलगाईंनी उष्टावलेल्या, त्या वेगळ्या काढल्या. देवापुढे ठेवायच्या तर अखंड हव्यात.
डॉ. कुंपणापलीकडून बघत होते. एखादी द्यावी असं मनात आलं. दिली नाही. सण संपेपर्यंत हेच टोचत राहणार.

रवि. ८ जून
काल दुसरी वर्क मॉर्निंग. मी सिनेगॉगमध्ये. प्रार्थनेत लक्ष नव्हतं, कान प्लॉटच्या फाटकाकडे. त्याचा राग डॉ.वर काढला, मनातल्या मनात, तेही प्रार्थना चालू असताना.
आज ते स्वतःहून बोलले. कमिटीत आपल्यातला मी एकटाच आहे, म्हणाले. "यू पीपल पाहिजे तेव्हा येता, असं ते मला ऐकवतात. मला. मी तिथे कधी चुकलो नाही."
मी म्हटलं, तुमचा-माझा देव एक नाही, हे सांगा त्यांना.
"त्यांना काय फरक पडतो? अहो, त्यांना तुम्ही आणि मी एकच दिसतो."
झारी उचलून नळाकडे निघालो. तिथवर जाईपर्यंत राग वाढला.

शुक्र. २० जून
भयंकर ऊन. उद्या याहून जास्त म्हणतात. गावी शब्बाथ सातला लागे, सातला सुटे. इथे जूनमध्ये सूर्य उशिरा बुडतो, आज नवाच्या सुमाराला लागणार, उद्या साडेदहापर्यंत. तेवढा वेळ झारी धरता येणार नाही. दुप्पट पाणी घालून आलो. दुधीच्या बुंध्याशी ओलं गवत पसरलं. बाकी तो वरचा बघेल.

रवि. २२ जून
पाळीवर मनात एकच, सगळं जळालं असणार. जाऊन बघतो तर पानं ताठ. बोट खुपसलं, आतपर्यंत ओल. शुक्रवारचं पाणी इतकं टिकत नाही.
डॉ. गुलाब छाटत होते. वर न बघता म्हणाले,
"मीच घातलं. बत्तीस डिग्री होतं काल. तुमचा देव छत्री घेऊन येणार होता का?"
"मी सांगितलं नव्हतं."
"सांगितलं असतं तर घातलं नसतं."
आभार मानले नाहीत. माझ्यासाठी दुसऱ्याने शब्बाथला केलेल्या कामाचा फायदा मी घ्यावा का? सिनेगॉगमध्ये विचारता येईल. विचारणार नाही. विचारलं की उत्तर पाळावं लागतं, आणि दुधीला फूल आलंय.
घरी बायकोला, रिबेकाला, सांगितलं. ती म्हणाली, "पाणी घातलं त्यांनी, विष नाही. असे काय बसलात?"

शुक्र. २७ जून
कमिटीचं पत्र. दोन गैरहजेऱ्या. ५ जुलैला तिसरी झाली तर प्लॉट वेटिंग लिस्टवरच्या पहिल्या माणसाला. खाली आणखी एक वाक्य : शनिवारी या प्लॉटला पाणीदेखील इतरांना घालावं लागतं. सही डॉ. लिमये.
दोनदा वाचलं. तसाच गेलो, पत्र त्यांच्यापुढे धरलं.
"यात खोटं काय आहे?" म्हणाले.
खोटं असतं तर भांडता आलं असतं.
परत येताना त्यांच्या गुलाबांना कीड लागावी असं वाटलं. वाटलं ते लिहून ठेवतो, म्हणजे लपणार नाही.

शुक्र. ४ जुलै
घेवडा तोडला. पहिला दुधी तोडला, हाताएवढा. कदाचित शेवटचाही. पाणी घालत होतो तर डॉ. काठी टेकत वाटेवर आले. गेल्या वर्षी त्यांचा गुडघा बदललाय.
"उद्या नऊला या. नुसते या. कशाला हात लावू नका. मी तुमच्या नावापुढे टिक करतो."
"आणि माझं काम?"
"ते मी करीन. सवय झालीये."
म्हटलं, हे खोटं होईल.
"मग येऊ नका. सोमवारी कुलूप बदललेलं असेल." आणि वळले. मी काही बोलेन म्हणून थांबलेही नाहीत.
मदत करताहेत की माझी जागा दाखवताहेत, कळत नाही. दोन्ही असेल.
शब्बाथच्या आज्ञेत बैलालाही विसावा आहे. दारातल्या परक्यालाही आहे. पंचाहत्तरीचा माणूस माझ्या वाटणीचं कुंपण कापणार आणि मी हात बांधून बघत उभा, माझा शब्बाथ अखंड. हा कुठला शब्बाथ? आणि न जावं, तर पाच वर्षांची माती.
रिबेकाला म्हटलं, चालत वीस मिनिटं आहे, चालायला बंदी नाही. ती म्हणाली, "चालायची नाही हो. तिथे पोचल्यावर तुम्ही काय करणार?"
शब्बाथचा दिवा लागला की लिहायचंही बंद. ती दिव्यापाशी काडी हातात धरून उभी आहे, मी पेन खाली ठेवायची वाट बघत