दुसऱ्या रक्ताची वाट

३ नोव्हेंबर, अलेक्झांड्रिया
आले एकदाची! टांटाहून निघताना आईने भातभरल्या द्राक्षपानांचा डबा इतका ठासून भरला होता, की अख्खा रेल्वेचा डबा जेवला. खोलीतून समुद्र दिसतो. वाऱ्याने खिडकी खडखडते, पण मला तेही आवडलं. नेमणूक छातीत दुखणाऱ्यांच्या कक्षात, आणि तिथे कोण असावी? माहिताब! मेडिकल कॉलेजात ती पहिली, मी दुसरी, दर वर्षी. पण गळ्यात पडली ती अगदी मनापासून. इनास आली, आता माझ्या डोक्याचं ओझं उतरलं, असं सगळ्यांना सांगत सुटली. छान वाटलं.

८ नोव्हेंबर
काम आवडतंय. छाती धरून येणारा प्रत्येकजण झटक्याचा नसतो. हृदयाचा स्नायू दुखावला की ट्रोपोनिन रक्तात झिरपतं, म्हणून एक रक्त आल्या आल्या घ्यायचं आणि दुसरं तीन तासांनी. आकडा चढला तर मुक्काम इथेच, जागचा हलला नाही तर बहुधा घरी. एवढं कुणालाही येतं. माहिताब मात्र दोन्ही आकडे, वय, हृदयाचा आलेख असं सगळं जुळवून पुढच्या महिन्याचं सांगते. हा ठणठणीत राहील, त्याला परत आणतील. आणि बाईसाहेब कधी चुकत नाहीत म्हणे. नातेवाईक तिच्या डोक्याचे मुके घेतात. मला विचारतात, मोठ्या डॉक्टरीणबाई कुठायत? अंगाचा नुसता तिळपापड होतो.

१५ नोव्हेंबर
माहिताबला कैरोच्या परिषदेचं आमंत्रण आलं. कक्षात बसबुसा वाटला, रव्याचा पाकातला केक. मीही घेतला, आणि कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकला.
आज फर्गली नावाचा मासळीवाला आला होता. भारी बोलका. माझं काळीज बायकोने कधीच पळवलंय, तुम्ही रक्तात काय शोधताय, म्हणत सगळ्यांना हसवलं. दोन्ही रक्तांत आकडा तसाच. माहिताब म्हणाली, जा घरी, तुला काही होत नाही. तो दुवा देत निघाला. मी दारात उभी. मनात आलं, एकदा तरी चूक ना गं, मेले!

१६ नोव्हेंबर
फर्गली गेला. सकाळी बाजारात, मासळीच्या टोपल्यांवरच कोसळला.
माहिताब ढसाढसा रडली. मी पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. खरं लिहू? आतून गुदगुल्या होत होत्या. शी, काय बाई आहे मी.

२१ नोव्हेंबर
रतीबामॅडम, शाळेच्या मुख्याध्यापिका. आकडा हलला नाही. घरी सोडलं. मी काही मनात आणणार नव्हते, खरंच नव्हते! पण त्यांचा मुलगा माहिताबचा हात सोडेना, आणि ते वाक्य आपसूक आलं.
घराच्या जिन्यातच गेल्या.
योगायोग. दुसरं काय असणार?

२४ नोव्हेंबर
अवातिफखाला आमची जुनी नर्स. म्हणाली, माहिताबला दृष्ट लागलीय. कागदाची बाहुली कापली, सुईने टोचत एकेकाचं नाव घेतलं. औषधवाल्याच्या नजरेतून, लिफ्टवाल्याच्या नजरेतून... माझं नाव घेतलंच नाही. विचारलं तर म्हणे, तुझं कशाला, तू तर तिची बहीण.
मग निखाऱ्यावर तुरटी टाकली. जिची नजर, तिचा आकार धरते. फुगली. खाला बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं, आणि पटकन वर फडकं टाकलं.

२८ नोव्हेंबर
बदलीचा अर्ज दिला. तिच्या रुग्णांकडे बघत नाही. मान खाली.
खाला माझ्या हातचा चहा घेत नाही.
माहिताबला वाटतं मी आजारी आहे. घरून सूप आणते, चमचा पुढे करते. तिचा हा चांगुलपणाच मला सोसत नाही—

१ डिसेंबर
छातीत कळ. डाव्या हाताला मुंग्या. आमच्याच कक्षात, खाटेवर.
पहिलं रक्त स्वच्छ. दुसऱ्याची वाट.
माहिताब उशाशी. हात धरलाय. काय खरडतेस गं, म्हणून हसते. तुला काही होत नाही इनास, माझा शब्द आहे, म्हणाली.
देवा, हिचंच खरं होऊ दे. मला मरायचं नाहीये. फक्त तिच्याकडे बघायचं नाही. लिहीत राहायचं—

दुसरं आलं. आकडा हलला नाही! वाचले!

सगळे धावत आलेत. खालाने आनंदाची आरोळी ठोकली. कक्षाचे मोठे साहेब म्हणतायत, बघा, माहिताब कधी चुकत नाही. तिच्याच डोक्याचे मुके. वाचले मी, आणि कौतुक—

नाही. नको. दुसरं काहीतरी आठव. आई— समुद्र— द्राक्षाची पानं—

ती बघतेय माझ्याकडे. हसतेय. निकालाच्या दिवशी हसायची तस्संच—

नको नको नको—

एकदा तरी चूक ना गं, मे