फक्कीच्या घराबाहेर चपला

घोटावडे,
गुरुवार

तीर्थस्वरूप बंडोपंत दाजी यांच्या चरणी शरदचंद्राचा नमस्कार. साष्टांग लिहिणार होतो, पण उजवा गुडघा महिनाभर संपावर असल्याने सध्या सात अंगांवरच भागवून घ्यावे. आठवे दुरुस्त झाले की पाठवून देईन. तुमची साखर तुमच्या आवाक्यात असेल, अक्काची कंबर तिच्या आवाक्यात असेल, आणि बावधनच्या तुमच्या इमारतीची लिफ्ट एव्हाना कोणाच्या तरी आवाक्यात आली असेल, अशी आशा आहे. इकडे सौ. रजनी बरी आहे. शाळेत यंदा संस्कृतला अकरा मुले आली. (त्यांतली चार हिंदीच्या वर्गात जागा नाही म्हणून. विषयाचे भवितव्य उज्ज्वल आहे.)

तुम्ही दोन महिने जुईलीकडे नातवाचे कौतुक करण्यात दंग होतात, तेवढ्यात इकडे तुमच्या रविवारच्या बंगल्यामागे इतिहास घडला. ती डांबरतळाची जागा आठवते ना? रस्ते खात्याची पिंपे, खडीचे ढीग, आणि त्यावर मालकी हक्काने झोपणारी तीन कुत्री. तिच्याकडे बघून दर रविवारी चहाबरोबर तुम्ही म्हणायचात, ‘इथे एखादे क्लबहाऊस शोभले असते.’ तर दाजी, क्लबहाऊस होत नाही. सरकारने ती जागा पंचायतीला दिली असून तिथे छत्तीस घरे होणार आहेत, ती कारखान्यातले कामगार, वसतिगृहांतले स्वयंपाकी, झाडूवाल्या, वॉचमन, रिक्षावाले यांच्यासाठी. घर बाहेरच्याला विकता येणार नाही. सोडून गेलात तर ते पंचायतीकडे परत. म्हणजे तुमच्या भाषेत गुंतवणूक म्हणून अगदीच कुचकामी, आणि बहुधा म्हणूनच मला ती योजना फार आवडली.

आता यात मी कसा सापडलो, ते सांगतो. आपला सरपंच शंभू. त्याला मी संस्कृतात दोनदा नापास केले होते. त्याने पंधरा वर्षे वाट पाहून सूड घेतला आणि नियमावलीची भाषा तपासायचे काम माझ्याकडे दिले. पहिलाच प्रश्न असा, की घर ‘स्थानिक’ माणसाला मिळावे, पण स्थानिक म्हणजे कोण? मी तीन दिवस खपून व्याख्या केली : ‘जो या ग्रामी वसतो, तो स्थानिक.’ ग्रामसभेत ती वाचली, आणि कोणी विचारले नसताना ‘वस्’ धातूची फोडही करून दाखवली. वस् म्हणजे राहणे, मुक्काम करणे, रात्र काढणे. (माणसे माना डोलावत होती. तीस वर्षे शिकवूनही डुलकी आणि मान्यता यांतला फरक मला कळत नाही.)

तेवढ्यात मागून जोहराबी उठल्या. तुम्ही त्यांना ओळखता. बाजारातल्या पीरमहंमद शिंप्यांची मुलगी, जिच्या वडिलांनी तुमचा लग्नातला कोट एका बाजूला आखूड शिवला होता. चौदा वर्षे त्या इथल्याच एका वसतिगृहाच्या खानावळीत स्वयंपाक करतात. तीन वर्षांपूर्वी गावातल्या घरमालकाने त्यांची खोली खाली करून घेतली आणि तिथे विद्यार्थ्यांच्या चार कॉट टाकल्या. तेव्हापासून बाई पौडाच्या पलीकडे भाड्याने राहतात आणि पहाटे दोन गाड्या बदलून कामावर पोहोचतात.

म्हणाल्या, “गुरुजी, मी जन्मले हितं. माझा मोईन जन्मला हितं. त्याला तुमी छड्या मारल्या त्या बी हितंच. निजते तेवढी पौडाला. तर मी आता पौडाची व्हय?”

मी म्हटले, बाई, धातूचा अर्थ जरा सैल घेतला तर…

“आन् रातपाळीचा वॉचमन? त्यो रातभर जागतो हितं. निजतच न्हाई. त्यो कुटला मग?”

सभा हसली. सर्वांत मोठ्याने शंभू हसला. (दोनदा नापास केले ते कमीच झाले.) मी ‘धातू’ एवढे म्हणेपर्यंत त्या म्हणाल्या, “तुमचा धातू ऱ्हाऊ द्या. ज्याच्या हातचं काम गावाला रोज लागतंया, त्यो हितला. लिवा.”

मी लिहिले. दाजी, व्याख्येचे दोष मी आयुष्यभर मुलांकडून घोकून घेतले : हवे ते निसटले तर अव्याप्ती, नको ते घुसले तर अतिव्याप्ती. माझ्या व्याख्येत दोन्ही दोष नांदत होते. त्या बाईच्या एका वाक्यात एकही सापडेना. घरी येऊन त्या वाक्यात तुम्हाला बसवण्याचा मी प्रामाणिक प्रयत्न केला, पण तुमचे कुठलेही काम गावाला रोज लागत नाही. म्हटले, निदान अतिथी तरी म्हणावे. पण ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, आणि तुम्ही दर रविवारी साडेनऊला वर्तमानपत्रासह हजर! तुमच्यासाठी शब्द शोधणे चालू आहे.

पुढची गंमत ऐका. नकाशे काढायला मेधा नावाची मुलगी आहे. वास्तुशिल्पकार, पण बूट चिखलात घालणारी. कागदावरचे घर लोकांना कळेना, म्हणून तिने पिंपे हलवून डांबरतळावर चुन्याच्या फक्कीने खऱ्या मापाचे घर आखले. खोली, मोरी, स्वयंपाकघर, सगळे पांढऱ्या रेघांत. लोक बघायला आले, आणि दाजी, एकेकाने रेघेबाहेर चपला काढल्या! कोणी सांगितले नव्हते. वर आभाळ, खाली खडी, आणि उंबऱ्याच्या जागी बोटभर फक्की. पण बाहेर साठ-सत्तर चपला ओळीने. मी मात्र विचारांच्या नादात सरळ रेघ ओलांडून खोलीत शिरलो, तर एक म्हातारी ओरडली, “गुरुजी, भितीतनं कुटं आलात? दार तिकडं हाय!” मी मागे जाऊन दारातून आलो. गुडघा त्याच फेरीत गेला.

जोहराबींनी स्वयंपाकघराच्या चौकोनात बसकण मारली आणि हवेतल्या परातीत पीठ मळायला घेतले. दुसऱ्याच रट्ट्याला थांबल्या. “मेधाताई, माझं कोपार शेजारणीच्या घरात जातंया. तिच्या मालकाला लागंल की!” मेधा हसली नाही. तिने तिथेच पायाने रेघ पुसली, दीड फूट पुढे ओढली, आणि छत्तीसही घरांचा नकाशा दोन दिवसांत बदलून आणला. मोठी माणसे स्वतःची चूक इतक्या निमूटपणे पुसताना मी फारशी पाहिलेली नाहीत; स्वतःला तर आरशातही नाही.

पहिल्या यादीत जोहराबींचे नाव आहे. सगळे जुळले आहे, फक्त रस्ता अडला. आगीचा बंब आत वळायला अठरा फुटी वाट हवी. नकाशात ती आहे. मोजणीदाराने प्रत्यक्ष मोजली, तर एका भिंतीपाशी सातच फूट भरली. वाट मोकळी नसेल तर मंजुरी नाही, आणि मुदत या महिनाअखेरची. पण अशा रुक्ष गोष्टींनी तुमचा वेळ कशाला घेऊ? पत्र फार लांबले. अक्काला नमस्कार, नातवाला गालगुच्चा.

तुमचा (एक अंग वजा),
शरदचंद्र

ता. क. ती भिंत बोगनवेलीने झाकलेली आहे. म्हणजे तुमचीच. शंभू नोटीस काढायला बसला होता, जोहराबींनीच थांबवले. म्हणाल्या, “गुरुजींचे दाजी हायेत, आधी इचारा तरी. इचारलं तर माणूस जागा देतोय, नोटीस धाडली तर वकील देतोय.” म्हणून हे पत्र. अकरा फूट हवेत.

दुसरा ता. क. बारा वर्षांपूर्वी ‘ईशान्य कोपरा पुढे घ्या, भरभराट होईल’ असे तुम्हाला कोणी सांगितले होते, हे अक्काला आठवत असेल. मला आठवू नये अशी फार इच्छा होती. कोपरा वाढवावा एवढेच मी वाचले होते. कोणाच्या जागेत, ते पाहिले नाही. अतिव्याप्ती, आणि तीही माझीच. भिंतीवर पहिली पहार मी घालीन. गुडघ्याला सांगून ठेवले आहे.

तिसरा ता. क. तुमच्या फाटकाची किल्ली माझ्याकडे असते, म्हणून मेधाला आत घेऊन रस्त्याची हद्द फक्कीने आखून घेतली. (रागावू नका, पाण्याने जाते.) ती तुमच्या झोपाळ्याखालून गेली आहे. जोहराबी बघायला आल्या, रेघेशी थांबल्या आणि चपला काढल्या. मी म्हटले, बाई, हे घर नव्हे, हा रस्ता. रस्त्यावर चपला घालूनच चालतात. तर म्हणाल्या, “आज दाजींचं घर हाय. त्यांनी व्हय म्हणलं, की मंग रस्ता.” रविवारी साडेनऊला त्याही येणार आहेत. चपलांचे काय करायचे, ते तुम्ही सांगा.