तिघींचं पाणी

॥ श्री ॥

चामराजपेट, बेंगळूर
८ नोव्हेंबर १९६४

चि. कावेरीच्या वडिलांस,
सप्रेम नमस्कार.

इकडे सर्व ठीक. आईंचे गुडघे थंडीच्या तोंडावर दुखतात तसे दुखताहेत. कावेरी चौथीत गेली. पाढ्यांत चुकते, चित्रं बरी काढते. मला शाळेत यंदा सातवीचा वर्ग दिला आहे. तुमची खुशाली प्रतापरावांकडून सविस्तर कळली. तुमच्याबरोबर जर्मनीला शिकायला गेलेल्यांपैकी परत येणारे ते शेवटचे, असं ते स्वतःच म्हणाले. कावेरीला त्यांनी चॉकलेटं दिली. तुम्ही पाठवलीत असं सांगताना ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते, तेव्हा ती त्यांनीच आणली असावीत.

आज लिहायचं कारण गच्चीवरचा उन्हाचा बंब. त्याचं माप तुम्ही गेल्या वर्षी कळवलंत, तेव्हा पुढे काय झालं ते तुम्हाला कळवायला हवं.

न्हाणीघरातल्या बंबाच्या धुराने आईंना धाप लागते म्हणून तो करायचा ठरला, हे तुम्हाला ठाऊक आहे. शिवाजीनगरच्या नळवाल्या मल्लाप्पाने काळ्या रंगाचे नळ पेटीत बसवून वर काचा घातल्या. गच्चीवर नारळाची सावली चुकवून जेवढी जागा उरते, तेवढ्याच काचा बसल्या. दिवसभर त्यात पाणी तापतं, आणि भुशाने वेढलेल्या टाकीत सकाळपर्यंत ऊन राहतं. टाकी केवढी करायची, तेवढं तुम्हाला विचारलं होतं.

तुम्ही लिहिलंत, "मोठी टाकी घेतलेली बरी असं लोकांना वाटतं. पण ऊन तेवढंच आणि काचा तेवढ्याच. पाणी वाढवलं की सगळ्यांनाच कोमट मिळतं. रोज न्हाणारी माणसं धरा, पाहुणे धरू नका." आणि खाली तुम्हीच मोजलंत: आई, तू, कावेरी, मी. चौघं.

तो 'मी' वाचून आईंनी पत्र माझ्या हातातून घेतलं आणि देवाजवळ ठेवलं. त्या दिवशी शाळेत मी कुणावर ओरडले नाही. तुमचं शिक्षण संपून तेव्हा वर्ष उलटलं होतं आणि येण्याबद्दल तुम्ही काही लिहीत नव्हतात. आता येताय, असं आम्ही दोघींनी धरलं. मला फार आनंद झाला होता.

मल्लाप्पाने विचारलं, "अक्का, न्हाणारे किती?"

मी बोलायच्या आत आई म्हणाल्या, "चार."

त्याने दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांकडे एकदा पाहिलं. "सरी, बरं," म्हणाला आणि कामाला लागला.

त्या हिवाळ्यात आम्ही तिघी कोमट पाण्याने न्हायलो. पहाटे आई, मग कावेरी, मग मी. एका माणसाचं पाणी रोज टाकीत उरायचं आणि संध्याकाळपर्यंत आमच्या पाण्याबरोबर जेमतेम तापायचं. कावेरीने एकदा विचारलं, "अप्पांचं पाणी रोज उरतंच, तर ते तापवायचं कशाला?" आईंनी तिला वेणी घालायला खाली बसवलं आणि जरा जोरातच ओढून घातली. पुढे मी जुना बंब पुन्हा पेटवायला लागले. धूर आला, आई खोकायला लागल्या. पण टाकी मोठी झाली असं ना त्या म्हणाल्या, ना मी.

तसं तुमचं पाणी ठेवायची या घराला सवयच होती. नीर तुंबो हब्बाच्या संध्याकाळी आपल्याकडे बंब घासून, चुन्याचे पट्टे ओढून, झेंडूची माळ घालून भरतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे तेल लावून न्हातात. तुम्ही गेल्यापासून दर दिवाळीला आई तुमच्या तांब्यात तुमच्या वाटणीचं ऊन पाणी काढून ठेवत. सगळ्यांचं न्हाणं झालं, की ते जरा निववून नारळाच्या मुळाशी ओतत. इतकी वर्षं तुमचं अभ्यंग नारळाला झालं. झाड चांगलं पोसलं आहे.

गणपती झाल्यावर प्रतापराव आले. चहा झाला, तिकडच्या बर्फाचं बोलणं झालं. मग मी सरळ विचारलं आणि त्यांनी सरळ सांगितलं. त्यात त्यांना दोष देऊ नका, घाम त्यांनाच माझ्यापेक्षा जास्त आला होता. तुम्ही तिकडे बिऱ्हाड केलं आहे. त्या बाईंचं नावही त्यांनी सांगितलं, ते मी इथे लिहीत नाही. मुलगा दीड वर्षाचा आहे आणि कपाळ तुमच्यासारखं आहे, म्हणाले.

म्हणजे टाकीच्या मापात तुम्ही स्वतःला धरलंत, तेव्हा तो सहा महिन्यांचा होता.

मला राग आला. त्या बाईंचा नाही. मुलाचा तर नाहीच. तुम्ही 'मी' असं लिहिलंत, त्याचा आला. लिहिलं नसतंत तर आम्ही आधीच समजून चुकलो असतो, आणि आईंचं एक वर्ष धुरात गेलं नसतं. तुम्ही सवयीने लिहिलंत की आईंना बरं वाटावं म्हणून, ते मला कळत नाही. आता विचारतही नाही.

आई तेव्हा स्वयंपाकघरात चटणी वाटत होत्या. मधेच वरवंट्याचा आवाज थांबला होता, तो प्रतापराव गेल्यावरही सुरू झाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाऊन, ओल्या केसांनीच त्या माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"वसू, मल्लाप्पाला बोलाव. टाकी मोठी झाली."

"किती जणांची करायला सांगू?" मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"तिघींची. पाहुणे धरू नका म्हणून त्यानेच लिहिलंय की."

मग पदराने डोळे पुसून, धूर झोंबतो म्हणाल्या. त्या दिवशी आम्ही बंब पेटवलेला नव्हता.

मल्लाप्पाने लहान टाकी बसवली आणि मोठी परत नेली. या खेपेला त्याने काही विचारलं नाही. यंदा दिवाळीला ऊनही चांगलं पडलं. आदल्या संध्याकाळी आई गुडघे धरत गच्चीवर गेल्या आणि नव्या टाकीला माळ घालून आल्या. पहाटे पाणी इतकं कढत आलं, की गार पाण्याचं विसण घ्यावं लागलं. तुमचा तांब्या आईंनी फळीवरून काढला, चिंचेने लख्ख घासला आणि कावेरीच्या हातात दिला. "हा आजपासून तुझा," म्हणाल्या. पाणी तिघींना बरोबर पुरलं. नारळाला द्यायला काही उरलं नाही.

तुम्हाला पत्र लिहिते आहे, काही कळवायचं आहे का, असं आता आईंना विचारलं. त्यांनी हातातली वात वळून पुरी केली. मग म्हणाल्या, "हिशेब त्याचा बरोबर होता, चुकलं माणूस मोजण्यात. तेवढं कळव."

न्हाणीघरातला जुना बंब मी मोडीत घातलेला नाही. कोपऱ्यात उलटा करून ठेवला आहे. पाहुणे आले की तो पेटवतो. तुम्ही कधी आलात तर तुमच्यासाठीही पेटवू. पाणी कढत मिळेल. फक्त येण्याआधी कळवा, सरपण आणून ठेवावं लागतं.

'लोभ असावा' असं शेवटी लिहायची पद्धत आहे. ते या वेळी लिहीत नाही.

कावेरीची आई,
वसुमती