शिरेलगतची कड

चेन्नै, ३ फेब्रुवारी २०२५

ती. कमलाक्षीआत्यास,
भुवनाचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या यकृतातल्या गाठीत सुई घालून ती उष्णतेने मारणार, हे ऐकून तू घाबरली नाहीस. उलट भाचीच्या संशोधनाचा विषय निघाला म्हणून खूश झालीस! एकदम जोराची आच का देत नाहीत, असं विचारलंस. तव्यावरच्या जाड अडैचं बघ, डाळ-तांदळाच्या. जाळ वाढवला की बाहेरून करपते, आत कच्ची राहते. सुईजवळचं मांस करपलं तर उष्णता पुढे सरकत नाही, म्हणून सावकाश तापवतात. शिजलेल्या पेशी मरतात. नुसत्या कोमट झालेल्या पुन्हा सावरतात.

एक लपवत नाही. तुझी गाठ मोठ्या शिरेला टेकलेली आहे. वाहतं रक्त तिथली उष्णता ओढून नेतं. तेवढी कड जगू शकते. डॉक्टरांना विचारच.

माया राहू दे.
तुझी भुवना

तिरुवैयारु, २१ फेब्रुवारी

चि. भुवनास,
अनेक आशीर्वाद.

डॉक्टर सुब्रमण्यम रागावले नाहीत. भाचीचं बरोबर आहे म्हणाले, आणि शिरेच्या बाजूने दुसरी सुईही घातली. साऱ्या वॉर्डाला तुझं नाव पाठ झालंय. मी शिकवलेली देवनागरी मात्र तुझ्या हाती अजून लंगडते. निम्म्या शब्दांवर शिरोरेघच नाही!

लोभ धर.
कमलाक्षीआत्या

तिरुवैयारु, ७ एप्रिल

चि. भुवनास,
आशीर्वाद.

स्कॅन झालं. तू म्हणालीस तीच कड राहिली. घटकाभर तुझाच राग आला. मग वाटलं, खरं सांगणारं माणूस घरात आहे, हे केवढं. पुन्हा सुई घेणार आहे.

आत्या

चेन्नै, १२ एप्रिल

ती. आत्यास,
सा. न.

अशा कडा मी प्रयोगशाळेत रोज मोजते, पण तुझी मोजायला दुसऱ्याला दिली. आणि तू त्याच संध्याकाळी गाण्याच्या वर्गातल्या मुलींना वर्णम् शिकवलंस, असं बाबा म्हणाले! ही छाती कुठून आणतेस? सुट्टी काढली आहे. या वेळी मी दाराबाहेर बसेन.

तुझीच,
भुवना

तिरुवैयारु, २० जून

चि. भुवनास,
पोटभर आशीर्वाद.

तू परत गेल्यावरचं स्कॅन काल झालं. डॉक्टरांनी शिरेलगत बोट फिरवून दाखवलं: काही उरलं नाही. तिथे न रडलेली मी बसमध्ये रडले. शेजारच्या बाईंनी काय झालं विचारलं, तर माझी भाची फार हुशार आहे, एवढंच सांगता आलं.

आज वर्गात वरचा षड्ज लावला. बरगडीखाली ओढ बसली, आवाज कापला, पण टिकला. मुली ताल धरायला विसरल्या.

आठवण ठेव.
कमलाक्षीआत्या