अडीच इंच लागलं

३ मार्च २०२४
निर्णय पक्का. बिडकीनचा प्लॉट विकायचा आणि पैसे ‘गोगाबाबा मिनरल्स’मध्ये टाकायचे. छोटी कंपनी, तांबं शोधते, ऑफिस उस्मानपुऱ्यात. लोक भावनेच्या भरात शेअर घेतात. मी आधी कंपनीचा कस पाहणार. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलाय, दगड मला फसवणार नाही. प्लॉट द्वारकाच्या नावावर आहे, पण ती किरकोळ बाब.

४ मार्च
किरकोळ बाब सही करत नाही. म्हणते, तिथं दोन खोल्या बांधायच्यात. शिवाय म्हणते, तुम्हाला दगडातलं कळत असंल, माणसातलं नाय कळत. बायकोला लाँग टर्म दिसत नाही.

७ मार्च
मॅनेजमेंट तपासलं. मालक पुंजाराम, माझाच विद्यार्थी. नववीत मी त्याला भूगोलात नापास केलं होतं, तरी पाया पडला. याला इंटिग्रिटी म्हणतात. दहापैकी नऊ. चहा गार होता, म्हणून एक कापला.

१२ मार्च
साइट व्हिजिट, बिडकीनच्या पुढं. चीफ जिओलॉजिस्ट सांडूबाबा. तळहातावर नारळ आडवा ठेवून अनवाणी शेतभर फिरतात. नारळ उभा राहिला की तिथं खुणेचा दगड, आणि तिथंच मजीदभाईंची बोअरची गाडी ड्रिल मारते. मजीदभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, मास्टर साब, नारियल से पानी निकलता, तांबा नै. मी नुसता हसलो. गाडीवाल्यांना रिसर्च काय कळणार! टेक्नॉलॉजी दहापैकी दहा. वीजसुद्धा लागत नाही.

१३ मार्च
एक शंका. मराठवाड्याच्या पोटात सगळा बेसॉल्ट, तांब्याचा पत्ता नाही, असं मीच शिकवत आलो. पण पाठ्यपुस्तक जुनं होतं.

१५ मार्च
प्लॉट राहू दे. ग्रॅच्युइटीची एफडी मोडली. दोन लाख. द्वारकाला योग्य वेळी सांगीन.

२ एप्रिल, दुपारी २.१०
पुंजारामचा फोन! सर, लागलं, अडीच इंच लागलं, म्हणून ओरडत होता. अडीच इंच जाडीचा तांब्याचा थर! उडी मारली, गुडघा दुखतोय. पेढे आणले आणि द्वारकाला एफडीसकट सगळं सांगून टाकलं. तिनं निवडायची मेथी बाजूला ठेवली. म्हणाली, अहो, अडीच इंच पाणी लागतं. आपल्याकडं बोअरला दुसरं काय लागतं?
पेढा घेतला नाही.

४ एप्रिल
पाणीच.
पुंजारामला झापायला गेलो. तो म्हणाला, सर, खाली नुसता बेसॉल्ट हाय, तुम्हीच शिकवलं व्हतं. मला वाटलं, तुम्हाला ठावं आसंल. फार लाज वाटली. एवढं पाठ होतं, तर गाढवानं पेपरात का लिहिलं नाही?

९ मे
कंपनी आता टँकर भरते. भागधारकांना पहिला डिव्हिडंड मिळाला. माझ्या वाट्याला एक टँकर पाणी. द्वारकाच्या प्लॉटवर उतरवून घेतलं, तिच्या दोन खोल्यांच्या बांधकामाला. टँकरबरोबर मजीदभाई आले होते. त्यांनी पावती काढली, मी ऐटीत पेन काढलं. ते म्हणाले, जिसका प्लॉट, उसकी दस्तखत.
द्वारकानं लगेच सही केली. पेन मात्र माझं होतं.