बंद आकाशाखाली

॥ श्री ॥
ब्रह्माघाट, वाराणसी
२२ नोव्हेंबर १९९२

चि. सौ. कस्तुरीस,
अ. उ. आ.

तुझे सप्टेंबरचे पत्र परवा मिळाले. सेनादरावांच्या बहिणीने, तुझ्या नणंदेने, झाग्रेबहून पुढे पाठवले म्हणून पोचले, एरवी वेढा पडलेल्या सारायेवोतून कागद तरी कसा बाहेर यावा? तुम्ही तिघेही जिवंत आहात हे वाचून तुझ्या आईने देवापुढे दिवा लावला आणि मग माझ्यावर चिडली, की मुलीला डॉक्टरी शिकायला एवढ्या लांब पाठवलेच का. युगोस्लाव्हियाची शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा मोहल्लाभर पेढे तिनेच वाटले होते, हे मी बोललो नाही.

इथे वाचनालयात रोज तुमचेच युद्ध चालते. तुमच्याकडच्या आकाशात बाहेरच्या देशांनी लढाऊ विमानांना बंदी घातली; पण बंदी मोडणारे विमान पाडायचे की नाही, यावरून तुझ्या दत्तात्रेयकाकाचे आणि माझे वाजले. तो म्हणतो पाडावे. मी म्हणालो, परकी फौज एकदा घुसली की ती कोणाचेच ऐकत नाही. तुझ्या मामांचा विष्णु श्रीलंकेत शांतिसेनेतूनच गेला होता. शांतता राहिली बाजूला, त्याची पेटी घरी आली. हा त्या देशाचा अंतर्गत प्रश्न आहे, आपल्या सरकारने अशा कारवाईला विरोध करावा, असे निवेदन आम्ही काही निवृत्त प्राध्यापकांनी अखबारात दिले आहे. मसुदा माझा. तुला राग येईल, म्हणून मीच कळवतो.

अवनीचे दुधाचे दात पडू लागले का? तिला पापा.

कळावे. माया आहेच, ती वाढतीच राहील.
बाबा


सारायेवो
१६ जानेवारी १९९३

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

मदतसंस्थेचा एक फ्रेंच डॉक्टर उद्या बाहेर निघतो आहे, त्याच्याकडे हे देते. अवनीचे पुढचे दोन्ही दात पडले. खोलीतल्या जमिनीच्या फळ्या उखडून आम्ही जाळतो. सेनाद म्हणतात, उन्हाळ्यापर्यंत आपण खालच्या मजल्यावर पडणार. हसू येते अजून, हे तुम्हाला कळावे म्हणून लिहिले.

तुमच्या निवेदनाचे वाचले. विष्णुसाठी मीही रडले आहे, बाबा. पण तुम्ही याला अंतर्गत प्रश्न म्हणता, तेव्हा मी वॉर्डात कोणाच्या पोटातून काय काढत असते ते तुमच्या मसुद्यात कुठे बसते? परक्यांनी येऊ नये म्हणता, पण त्यांनी आमची शस्त्रखरेदी बंद केली तेव्हा ते आलेच ना? ती बंदी त्यांनी लगेच पाळली. विमानांची मात्र कागदावरच आहे.

सेनादचे मत माझ्याहून वेगळे. ते पाणीखात्यातले इंजिनिअर, सगळ्याचा हिशेब नकाशावर करतात. म्हणतात, आपल्याला मारणाऱ्या तोफा डोंगरावर आहेत, आकाश बंद करून काय होणार? मी भांडले. मला वाटते, वर कोणीतरी आपल्याकडे बघते आहे एवढे तरी होईल. तुम्ही तुमचे नाव मागे घ्या. माझ्यासाठी म्हणून नको, पटले तर घ्या.

आईला सांगा, मी जेवते. लोभ आहे तसा राहू द्या.
तुमची कस्तुरी


॥ श्री ॥
ब्रह्माघाट, वाराणसी
१८ एप्रिल १९९३

चि. सौ. कस्तुरीस,
अ. उ. आ.

नाव मागे घेतले. तसे अखबारात छापूनही आले. वाचनालयातले दोघे आता माझ्याशी बोलत नाहीत, आणि दत्तात्रेय जिंकल्यासारखा मला रोज पान खाऊ घालतो.

तुझ्या पत्राने हललो, हे खरे. पण त्याआधी डिसेंबरात इथे दंगलीमुळे कर्फ्यू लागला होता. गल्लीच्या तोंडाशी फौजेची गाडी उभी राहिली आणि त्या दिवशी तुझ्या आईला प्रथम झोप लागली. फौज आपलीच, तुमच्याकडे परकी, हा फरक मी स्वतःला पुष्कळ समजावला. तुझे पत्र आल्यावर तो समजावता येईना.

आता बातमी आली आहे की बंदी मोडणारे विमान खरोखर पाडणार, गस्त सुरू झाली. आईने शिरा केला. सेनादरावांना सांग, सासरा म्हणतो, नकाशा नेहमीच बरोबर असतो असे नाही. भेटलो की यावर वाद घालू.

तिघांनाही आशीर्वाद. कळावे, आता जरा निश्चिंत हो.
बाबा


सारायेवो
९ जुलै १९९३

ती. आईबाबांस,
सा. न.

सेनाद गेले. गेल्या शुक्रवारी.

आमच्या मोहल्ल्याचा नळ फुटला होता आणि दुरुस्तीला माणूस मिळेना, म्हणून ते स्वतःच गेले. पाण्यासाठी बाया रांगेत होत्या, त्यांना ते भिंतीआड सरकायला सांगत होते. गोळा तिथेच पडला. त्यांना माझ्याच दवाखान्यात आणले. मी हात धरला तेव्हा ते शुद्धीवर होते. एवढेच म्हणाले, “अवनीला इथून काढ.”

बाबा, गस्तीची विमाने वर होती. खूप उंच होती, आवाज येत होता. ती आकाश राखत होती आणि आकाशातून आमच्यावर काहीच आले नाही. तोफ त्यांच्या हुकमात बसत नव्हती. मी सेनादशी किती भांडले होते.

मोहल्ल्याच्या कब्रस्तानात त्यांना अंधारात पुरले. दिवसाउजेडी तिथे माणसे जमली की डोंगरावरून गोळ्या झाडतात. आम्ही गुडघ्यांवर बसूनच माती लोटली आणि परतलो.

अवनीला मदतसंस्थेच्या विमानातून झाग्रेबला धाडते आहे. नणंद तिला दिल्लीपर्यंत आणेल. मी येत नाही. वॉर्डात आम्ही फार थोडे उरलो आहोत. आई, मला बोलावू नकोस, मी येईन आणि मग मला परत जाता येणार नाही.

तिला सांभाळा.
कस्तुरी


॥ श्री ॥
ब्रह्माघाट, वाराणसी
२४ ऑक्टोबर १९९३

चि. सौ. कस्तुरीस,
अ. उ. आ.

मायन्यात सवयीने ‘सौ.’ लिहून गेलो. आई म्हणाली, खोडू नका. तसेच ठेवले आहे.

अवनी सुखरूप पोचली. तुझ्यासारखाच वरणभात कालवते. घाटावर न्यायला गेलो तर मोकळ्या पायऱ्या बघून माझ्या धोतराला धरून उभी राहिली, मग भिंतीभिंतीने परत आली. मी पुन्हा आग्रह केला नाही.

दत्तात्रेय सेनादरावांसाठी बसायला आला होता. म्हणाला, नरहर, मग जगाने करायचे तरी काय? पूर्ण उतरायचे, की अजिबात नाही? अर्धवट तर दोन्हींहून वाईट झाले. उभा जन्म मी राज्यशास्त्र शिकवले, पोरी. निवेदनावर सही केली तेव्हा मला खात्री होती, मागे घेतली तेव्हाही होती.

तू जप. तुला बोलावत नाही. वाट बघतो, हे मात्र कळावे.
बाबा


सारायेवो
२८ सप्टेंबर १९९५

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

अवनीचे हिंदीतले पत्र मिळाले. मराठी कुठेकुठे आहे, बोस्नियन एक शब्द नाही. तरी तिचेच आहे, मला पुरे.

विमानांनी अखेर डोंगरावरच्या तोफांवर बॉम्ब टाकले, हे तुम्ही वाचले असेल. जिन्यात उभे राहून लोक टाळ्या वाजवत होते. मीही वाजवल्या. माझ्या वर्गातला द्रागान तिकडे डोंगरापलीकडे, तोफा डागणाऱ्यांच्या दवाखान्यात आहे, हे टाळ्या वाजवताना मला माहीत होते. आता तोफा मागे नेत आहेत. एवढे करायला दोन-तीन आठवडे लागले, आणि ठरवायला तीन वर्षांहून जास्त.

मला त्यांचे आभार मानता येत नाहीत. ते आले नसते तर बरे झाले असते, असेही म्हणवत नाही. दत्तात्रेयकाकांना माझ्याकडून एवढेच सांगा.

काल सेनादच्या कबरीवर गेले होते. भर दुपारी. कब्रस्तान माणसांनी भरले होते. अंधारात घाईने पुरलेली आपली माणसे कुठे आहेत ते लोक पाट्या वाचून शोधत होते, एकमेकांना हाक मारून दाखवत होते. डोंगर समोर स्वच्छ दिसत होता. आधी सगळे वाकूनच चालत होते. मग एक म्हातारी सरळ उभी राहिली, मग तिच्या शेजारचा, मग मी. आम्ही उभे राहून रडलो.

लोभ असू द्यावा.
तुमची कस्तुरी