तू उठून जातोस

धाकट्या फिलिमोने,

हे पत्र तुला देणार नाही. बहिणीने भावाशी असलं बोलायचं नसतं. पण सकाळपासून तीनदा चहा केला आणि तीनदा ओतून टाकला.

इथे ऑकलंडला तुझ्या स्किझोफ्रेनियाची माहिती लिहून घेताना नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुम्ही आलात की तो उठून जातो?" मी अभिमानाने म्हटलं, "लहानपणापासून. कधी चुकला नाही." त्यांनी 'घरच्यांना टाळतो, संशयी' असं लिहिलं आणि गोळी वाढवली. आपल्या टोंगन घरांत बहीण आली की भाऊ मानाने खोली सोडतो, हे मी सांगितलंच नाही. सगळ्यांना ठाऊक असेल असं वाटलं. आता तुझे हात थरथरतात, चर्चमध्ये तू गात नाहीस.

उद्या जाऊन सांगणार आहे, की आवाज ऐकू येणं हा त्याचा आजार आहे, उठून जाणं ही आमची रीत. ऐकतील ना?

काल मी तुमच्याकडे, मावशीच्या घरी आले तेव्हा ती म्हणाली, "दिवसभर नुसता ओंडका होता गं. तुझी चप्पल वाजली आणि बघ." तू भिंत धरत मागच्या दाराकडे निघाला होतास.

तू बाहेर पोचेपर्यंत मी उंबऱ्यावरच थांबले.

तुझी ताई,
लेसिएली